दम्याच्या मुलाची फुंक: श्वासाच्या चाचण्या कशा कराव्यात, आकडे कसे वाचावेत

दमा असलेल्या मुलाला ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘बरं आहे’ असंच येतं. खेळ बंद होऊ नये, दवाखान्याची फेरी टळावी, ही त्याची साधी इच्छा असते. शिवाय श्वासनलिका हळूहळू आकसत गेल्या की मुलाला त्या अडचणीची सवय होऊन जाते. जिना चढताना तो थांबतो, पण आपण थांबलो हे त्याच्या लक्षातही येत नाही. घरच्यांना कळतं ते रात्री दोन वाजता, छाती घुरघुरायला लागल्यावर. त्रासाची ही चढण एक-दोन दिवस आधी हेरता यावी, यासाठी श्वासाच्या चाचण्या आहेत.

मुलांच्या दम्यात मुख्यतः तीन चाचण्या वापरतात. तिन्हींत फुंकायचंच असतं, पण प्रत्येकीत फुंकायची तऱ्हा वेगळी. पीक फ्लो म्हणजे एकच जोरदार दणका. स्पायरोमेट्रीत आधी तसाच दणका आणि मग छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत सोडत राहायचं. नायट्रिक ऑक्साइडच्या चाचणीत मात्र चुलीतला विस्तव फुलवताना फुंकणीतून घालतात तशी संथ, एकसारखी फुंकर लागते. एका चाचणीची सवय मूल दुसरीत घेऊन गेलं की आकडा बिघडतो. म्हणून कोणत्या यंत्रात कसं फुंकायचं हे त्याला आधी घरीच, यंत्राविना, करून दाखवावं.

पाच वर्षांखालच्या मुलांकडून या चाचण्यांचा भरवशाचा आकडा मिळत नाही. नुसता शांत श्वास घेऊन करता येणारी ऑसिलोमेट्री नावाची एक चाचणी आहे, पण ती मोजक्याच ठिकाणी होते. तेव्हा लहानग्यांच्या बाबतीत रात्रीचा खोकला, खेळताना लागणारी धाप आणि पंप (इनहेलर) किती वेळा द्यावा लागला, याच खुणांवर चालावं. पुढचं सगळं साधारण पाच-सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे.

मीटर घेताना

पीक फ्लो मीटर ही प्लॅस्टिकची साधी नळी असते. तिच्यावर एक काटा सरकतो आणि बाजूला आकडे कोरलेले असतात. वीज लागत नाही, सेल लागत नाहीत, किंमत काही शे रुपये. मोठ्या औषध दुकानात मागवून मिळते. हवा सर्वांत वेगाने बाहेर पडते त्या क्षणाचा वेग ती मिनिटाला किती लिटर या मापात दाखवते.

घेताना मापपट्टी पाहा. मोठ्यांचा मीटर साधारण ६० ते ८०० पर्यंतचा असतो आणि लहान मुलांसाठी सुमारे ४०० पर्यंतचा मिळतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा आकडा १५० ते २०० च्या आसपास घुटमळतो. मोठ्या मीटरवर तिथल्या रेघा दाटीवाटीच्या असतात आणि दहा-वीसचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एका मुलाला एकच मीटर. दोन कंपन्यांच्या मीटरवर त्याच मुलाचा त्याच वेळचा आकडा बराच वेगळा येऊ शकतो. मामाच्या गावी जाताना मीटर पिशवीत टाका. डॉक्टरांकडे जातानाही स्वतःचाच न्या आणि तिथल्या मीटरवरचा आकडा आपल्या वहीत मिसळू नका. जुना बदलून नवा घेतला तर दोन-तीन दिवस दोन्हींवर फुंकवून फरक लिहून ठेवा.

फुंकायची रीत

१. काटा शून्यावर किंवा मापाच्या अगदी तळाशी आणा. हे विसरलं तर मागच्या फुंकेचाच आकडा पुन्हा लिहिला जातो.

२. मुलाला उभं करा. बसून करायचं असेल तर रोज बसूनच करा. पाठ आणि मान सरळ हवी. तोंडात चॉकलेट, चिंगम, चिवडा काही नको.

३. मीटर आडवा धरायला सांगा. बोटं काट्याच्या खाचेवर किंवा हवा बाहेर पडणाऱ्या छिद्रावर येता कामा नयेत.

४. तोंडाने पोटभर श्वास घ्यायला सांगा, जितका मावेल तितका. श्वास भरला की लगेच नळी दातांमध्ये घेऊन ओठ घट्ट मिटायचे, जीभ नळीच्या खाली. भरलेला श्वास रोखून मूल दोन-तीन सेकंद थांबलं तर आकडा कमी येतो.

५. एका झटक्यात, जेवढा जोर असेल तेवढ्या जोराने फुंकायचं. लांबवायचं नाही, एका सेकंदाच्या आत काम संपतं. लहान मुलांना ‘समोरची दिव्याची ज्योत एका फुंकेत विझव’ असं सांगितलं की चटकन समजतं.

६. आकडा वाचा, लिहा, काटा पुन्हा खाली आणा. थोडा दम खाऊ द्या. असं तीन वेळा. तिन्हींची सरासरी काढायची नाही, सर्वांत मोठा आकडा तोच त्या वेळचा आकडा.

तिन्ही फुंकांपैकी वरचे दोन आकडे एकमेकांच्या २० च्या आत असतील तर रीत जमली असं समजा. १८०, २४०, १५० असे उड्या मारणारे आकडे आले तर ते दम्याचं लक्षण नसून पद्धत चुकल्याची खूण असते. उलट प्रत्येक फुंकेला आकडा पायरीपायरीने खाली येत असेल, तर जोराने फुंकण्यानेच नलिका आकसत असण्याची शक्यता आहे. तेव्हा तिथेच थांबा, वहीत तसं लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

आकडा खोटा ठरतो तो असा

खरी गफलत आकडा चुकीचा मोठा येण्यात आहे, कारण तो पाहून घरचे निर्धास्त होतात. थुंकी उडवल्यासारखं ‘थू’ करून फुंकलं, किंवा गाल फुगवून एकदम सोडले, की छातीतली हवा फारशी हलत नाही, पण काटा मात्र झपकन वर जातो. पाच-सहा दिवसांत मुलं ही युक्ती आपोआप शिकतात, लबाडी म्हणून नव्हे, तर मोठा आकडा आला की आई खूश होते म्हणून. फुंकताना गालांकडे पाहा. गाल फुगलेले दिसले तर ती फुंक मोजू नका. मोठ्या आकड्याचं कौतुकही करू नका, कौतुक करायचं ते बरोबर फुंकल्याचं.

आकडा खोटा लहान येण्याची कारणं साधी असतात. ओठांच्या कडेने हवा निसटते, जीभ नळीच्या तोंडाशी येते, मान पुढे वाकते, श्वास अर्धाच भरलेला असतो. शाळेला दांडी मारायची असली की काही मुलं मुद्दाम हळू फुंकतात. आकडा पडलेला, पण मूल अंगणात धावतंय, बोलताना दम लागत नाही, खोकला नाही, असं असेल तर अर्ध्या तासाने तुमच्यासमोर पुन्हा तीन फुंका मारायला लावा. आकडा चांगला आणि मूल मात्र धापा टाकतंय, असं दिसलं तर विश्वास मुलाच्या छातीवर ठेवायचा, काट्यावर नाही.

मीटर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, झटकून पूर्ण वाळू द्या. उकळू नका, प्लॅस्टिक वाकतं. पावसाळ्यात तो आतून ओलसर राहिला तर काटा अडकतो. म्हणून मापताना काटा बोटाने वरखाली करून तो मोकळा सरकतो का ते पाहा.

मुलाचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: शेजारच्या मुलाचा आकडा किंवा तक्त्यातला आकडा हा तुमच्या मुलाचा मापदंड नाही. मापदंड त्याचा स्वतःचाच. उंचीवरून अंदाज बांधायला एक सोपं सूत्र आहे: सेंटीमीटरमधल्या उंचीतून ८० वजा करा आणि उरलेल्याला ५ ने गुणा. १२८ सेंटीमीटरच्या मुलाचा अंदाज (१२८ − ८०) × ५ = २४०. पण निरोगी मुलांतही हा आकडा बराच मागेपुढे असतो. त्यामुळे सूत्राचा उपयोग पहिल्या दिवशी, अंधारात चाचपडू नये एवढ्यापुरताच.

सर्वोत्तम आकडा काढायची वेळ निवडा: मूल बरं आहे, पडसं नाही, नेहमीचा पंप नियमित चालू आहे. अशा दिवसांत सलग दोन आठवडे सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, औषध घेण्याआधी, मोजा. त्या पंधरवड्यात बरोबर रीतीने आलेला सर्वांत मोठा आकडा तो त्याचा सर्वोत्तम. एखादाच आकडा बाकीच्यांपेक्षा फार उंच दिसला तर तो बहुधा ‘थू’चा असतो, तो सोडून द्या.

मूल वाढतं तसा हा आकडाही वाढायला हवा, आणि इथेच पुष्कळ घरं चुकतात. समजा दुसरीत असताना उंची १२० आणि सर्वोत्तम आकडा २०० होता. त्याच्या ८० टक्के म्हणजे १६०, ती हिरव्या पट्ट्याची सीमा ठरली. पुढच्या वर्षी उंची १२६ झाली, आता त्याचा आकडा २३० च्या घरात असायला हवा. तरी घरात १६० लाच हिरवं मानलं जातंय, प्रत्यक्षात ते ७० टक्क्यांवर आलं आहे. दर सहा महिन्यांनी भिंतीवर उंचीची रेघ मारा आणि त्याच सुमारास सर्वोत्तम आकडा नव्याने काढा.

तीन पट्टे

वाहतुकीच्या दिव्यांसारखे हे पट्टे रंगीत चिकटपट्टीने मीटरवरच लावता येतात. सर्वोत्तम आकडा २६० असेल तर २०८ च्या वर, म्हणजे मीटरवर २१० पासून पुढे, हिरवा. १३० ते २१० पिवळा. १३० च्या खाली, अर्ध्याहूनही कमी, तांबडा.

हिरव्यात नेहमीचं औषध नेहमीसारखं. इथे एक चूक वारंवार होते: आकडे महिनाभर हिरवे दिसले की ‘आता पंपाची काय गरज’ म्हणून रोजचा, सूज कमी करणारा पंप बंद केला जातो. आकडे हिरवे आहेत ते त्याच पंपामुळे. पंपाची सवय लागते हा समज इकडे अजून घट्ट आहे आणि त्यापायी मुलांना नाहक त्रास होतो. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनी, बहुधा दोन-तीन महिने सगळं नीट राहिल्यावर, आणि एका वेळी एक पायरी.

पिवळ्यात आधी दोन प्रश्न विचारा: कालपरवा रोजच्या पंपाचा डोस चुकला का? फुंकायची रीत बरोबर होती का? दोन्हीची उत्तरं ठीक असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेनुसार आराम देणारा निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामोल, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मधे लावायची पोकळ नळी) लावून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा १५ टक्के किंवा जास्त वर आला तर नलिका खरोखरच आकसल्या होत्या आणि औषधाने मोकळ्या झाल्या, असा त्याचा अर्थ. वहीत ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. दम्याचं निदान पक्कं करताना डॉक्टरांना हीच जोडी फार उपयोगी पडते. पिवळा दुसऱ्या दिवशीही टिकला, किंवा निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

तांबड्यात निळ्या पंपाचे चार पफ (पंप एकदा दाबला की एक पफ) द्या, स्पेसरमधून, एका वेळी एकच, प्रत्येक पफनंतर चार-पाच श्वास. आणि लगेच निघा. चार मिनिटांत आराम नाही तर वाटेत पुन्हा चार पफ. गाडी मिळत नसेल तर १०८. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेलगतच्या गावातून फोन लावताना गावाबरोबर तालुका आणि जिल्हाही स्पष्ट सांगा, एकाच नावाची गावं दोन्ही बाजूंना आहेत.

बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, ओठ निळसर दिसतात, मूल सुस्त पडलंय, अशा वेळी मीटर हातात घेऊच नका. त्या अवस्थेत फुंकायला लावणं त्रासाचं, आणि आकड्याने काही वेगळं ठरणारही नसतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९२ पेक्षा कमी दिसलं तर झटका गंभीर आहे. पण ९६ दिसलं म्हणून घरी थांबू नका, ऑक्सिजन शेवटी घसरतो.

वही

शंभर पानी साधी वही चालते. रकाने असे: तारीख, सकाळ, संध्याकाळ, रात्री खोकल्याने जाग आली का, निळा पंप किती वेळा, आणि शेवटी एक रुंद मोकळा रकाना. आजूबाजूला काय घडलं ते त्या शेवटच्या रकान्यात लिहायचं आणि आठ-दहा आठवड्यांनी सगळ्यांत जास्त तोच बोलतो.

सकाळ-संध्याकाळचा फरक पाहणं शिकून घ्या. दमा नीट आवरलेला नसेल तर पहाटे नलिका जास्त आकसतात, सकाळचा आकडा खाली आणि संध्याकाळचा वर राहतो. सकाळी २००, संध्याकाळी २३०: फरक ३०, दोन्हींची सरासरी २१५, म्हणजे फरक १४ टक्के. असे निदान आठवडाभराचे टक्के काढून त्यांची सरासरी घ्या. मुलांमध्ये ती १३ च्या वर जात असेल तर श्वासनलिका अस्थिर आहेत असं समजतात. आकडे हिरव्या पट्ट्यात असूनही ही दरी रुंदावत चालली असेल, तर तो झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

रोज मोजणं वर्षभर जमत नाही, आणि जमत नाही म्हटल्यावर रविवारी बसून आठवड्याचे आकडे अंदाजाने भरले जातात. असे भरलेले आकडे रिकाम्या वहीपेक्षा वाईट, कारण डॉक्टर त्यांवर औषध ठरवतात. बहुतेक मुलांना लक्षणांवर आधारलेली लेखी योजना पुरते. रोजचं मोजमाप कुणाला हवं? ज्याला मागे दवाखान्यात दाखल करावं लागलं, ज्याला त्रास वाढलेला स्वतःला कळतच नाही, ज्याचा खोकला दम्याचा की साध्या पडशाचा हे घरच्यांना ओळखता येत नाही. इतरांनी औषध बदलल्यावर दोन आठवडे, पडसं झाल्याबरोबर, आणि आपल्याकडचे अवघड हंगाम येतात तेव्हा मोजावं.

बेळगाव भागातले अवघड हंगाम

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गात पडशाची साथ फिरते. मुलांच्या दम्याला सर्वांत जास्त उचकवतं ते हेच साधं पडसं. त्याच वेळी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाची झड लागते. मातीच्या भिंतींना ओल चढते, कोपऱ्यांत बुरशी धरते, वाकळा आणि गाद्या चार महिने उन्हाचं तोंड बघत नाहीत. बुरशी आणि गादीतले सूक्ष्म किडे दोन्ही दमा वाढवतात. रोज सकाळचा आकडा पडतो आणि दुपारी शाळेत मूल बरं असतं, असं वहीत दिसलं तर आधी अंथरुणाकडे पाहा. उघडीप मिळेल तेव्हा वाकळ गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा. मुलाची झोपायची जागा ओल्या भिंतीपासून दूर सरकवा आणि पंधरवडाभर आकड्यात फरक पडतो का ते पाहा.

दिवाळीच्या सुमारास फटाक्यांचा धूर, थंडीची सुरुवात आणि सुगी एकत्र येतात. भाताच्या मळणीची धूळ उडते. चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडकडे उसाची तोड सुरू होते आणि पाचट पेटवलं की धूर वस्तीवर बसतो. गुऱ्हाळाच्या चुलवणाशेजारी चिपाडांच्या राशीत खेळणं मुलांना आवडतं, पण दम्याच्या मुलाला तिथून लांब ठेवावं. निपाणी भागात ज्या घरात बिड्या वळल्या जातात किंवा कुणी तंबाखूच्या वखारीत कामाला आहे, तिथे तंबाखूची भुकटी कपड्यांवरून घरात येते. कामावरून आल्यावर कपडे बदलून मगच मुलाला जवळ घ्यावं. तंबाखूचं काम मूल झोपतं त्या खोलीत नको. बेळगावात उद्यमबागेसारख्या फाउंड्रीच्या भागातल्या धुळीचंही तसंच.

घरातला धूर मात्र बारमाही असतो: चूल, उदबत्ती, डासांची कॉइल, विडी. वहीच्या शेवटच्या रकान्यात ‘ऊस पेटवला’, ‘पाहुणे, विडी ओढत होते’, ‘वाकळ बदलली’ असं लिहीत गेलात तर कोणत्या गोष्टीने आपलं मूल बिघडतं हे दोन-तीन महिन्यांत स्वतःच दिसतं. प्रत्येक मुलाचं कारण वेगळं असतं. सगळंच बंद करत बसण्यापेक्षा त्याचं नेमकं कारण सापडलेलं बरं.

स्पायरोमेट्रीला जाताना

पीक फ्लो मोठ्या नलिकांचं आणि मुलाच्या जोराचं माप आहे. बारीक नलिका आकसल्या असल्या तरी तो ठीक दिसू शकतो. म्हणून निदानाच्या वेळी, औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षा-दोन वर्षांतून एकदा स्पायरोमेट्री करावी. ज्याचा त्रास आवरत नाही त्याला जास्त वेळा. ती बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयांत आणि छातीविकारतज्ज्ञांकडे होते. निपाणीकडच्यांना कोल्हापूर, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज-सांगली जवळ पडते. वेळ ठरवताना एवढं जरूर विचारा: इथे लहान मुलांची चाचणी नेहमी होते का? मुलांकडून फुंकवून घेणं ही वेगळी हातोटी आहे.

निळा पंप चाचणीआधी चार तास द्यायचा नसतो, आणि दिवसातून दोनदाच्या, लांब टिकणाऱ्या औषधाच्या पंपाला साधारण एक दिवस थांबावं लागतं. हे निदानासाठी. चालू उपचार कसा लागू पडतोय हे पाहायचं असेल तर औषध चालूच ठेवायला सांगतात. कोणत्या कारणाने चाचणी आहे ते डॉक्टरांना विचारूनच औषध थांबवा. मध्येच त्रास झाला तर पंप द्या आणि चाचणी पुढे ढकला. दोन तास आधी भरपेट जेवण नको, तासभर आधी पळापळ नको, कमरेला घट्ट पट्टा नको. उंची चप्पल काढूनच मोजली जाते ना ते पाहा, कारण सगळे अपेक्षित आकडे उंचीवरून निघतात. दोन-तीन सेंटीमीटरच्या चुकीने टक्के बदलतात.

नाकाला चिमटा लावतात. त्याची भीती वाटणाऱ्या मुलाला घरी बोटांनी नाक धरून सराव करवा. पूर्ण श्वास, जोरात दणका, आणि ‘अजून, अजून, अजून’ म्हणेपर्यंत सोडत राहायचं. चांगल्या तीन फुंका मिळेपर्यंत, जास्तीत जास्त आठ वेळा. त्यानंतर मूल थकतं आणि पुढचे आकडे निरुपयोगी ठरतात. मग साल्ब्युटामोल देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच.

अहवालात तीन ओळी शोधा. एफव्हीसी म्हणजे सोडलेली एकूण हवा, एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदातली, आणि या दोहोंचं गुणोत्तर. निरोगी मुलांत हे गुणोत्तर बहुधा ०.९० च्या वर असतं, मोठ्या माणसांपेक्षा जास्त. त्यामुळे मोठ्यांचा ०.७० चा निकष लावून ‘नॉर्मल’ म्हटलेल्या अहवालात मुलाचा अडथळा सुटून जाऊ शकतो. पंपानंतर एफईव्ही-१ अपेक्षित आकड्याच्या १२ टक्क्यांहून जास्त वाढला तर दम्याच्या बाजूने तो भक्कम पुरावा आहे. आलेखाची उतरती बाजू चमच्यासारखी आत खोलगट असेल तर अडथळा आहे. झटका नसताना केलेली चाचणी अगदी सरळ येऊ शकते, तेवढ्याने ‘दमा नाही’ असं ठरत नाही.

नायट्रिक ऑक्साइडची चाचणी

हिला फेनो म्हणतात. नलिकांच्या अस्तराला ॲलर्जीची सूज आली की तिथे नायट्रिक ऑक्साइड वायू जास्त तयार होतो आणि उच्छ्वासात सापडतो. पीक फ्लो नळी किती आकसली ते सांगतो, फेनो तिच्या आत आग किती धुमसतेय ते सांगतो. दोन्ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

मुलाने पडद्यावरचा फुगा किंवा ढग दोन रेघांच्या मधे तरंगत ठेवायचा असतो. त्यासाठी सेकंदाला ५० मिलिलिटर इतका संथ वेग लागतो, लहान मुलांना सुमारे सहा सेकंद आणि बारा वर्षांवरच्यांना दहा. जोरात फुंकलं तर यंत्र फुंक नाकारतं. घरी गार पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉमधून एकसारखे बुडबुडे काढायचा सराव छान उपयोगी पडतो. ही चाचणी स्पायरोमेट्रीच्या आधी करून घ्या, जोराच्या फुंकांनी नंतरचा आकडा बदलतो. तासभर आधी खाणंपिणं नको, आणि त्या दिवशी सकाळपासून पालक, बीट, मुळा यांसारख्या नायट्रेट भरपूर असलेल्या भाज्या टाळा, त्यांनी आकडा फुगतो. पडसं झालेलं असेल तरीही तो वाढलेला येतो.

आकडा पीपीबीमध्ये, म्हणजे एक अब्ज भागांत किती भाग, असा मोजतात. बारा वर्षांखाली २० च्या आत कमी, ३५ च्या वर जास्त, मधला संदिग्ध. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना या सीमा २५ आणि ५० आहेत. जास्त आकडा आणि त्रास चालू असेल तर डोस वाढवण्याआधी स्पेसर मागवून मूल पंप कसा ओढतं ते पाहावं. रोजचा पंप नीट मिळू लागला की हा आकडा काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उतरू लागतो. उतरला नाही तर बहुधा पंप घेतला जात नसतो, चुकीचा घेतला जात असतो, किंवा उचकवणारी वस्तू अजून घरात असते. मागच्या वेळेपेक्षा दहाहून जास्त फरक पडला तरच तो खरा बदल धरावा. नाकाच्या ॲलर्जीच्या मुलांत दमा शांत असूनही आकडा वर राहू शकतो, आणि काहींना दमा असून तो कमी येतो. ज्या मुलाला पुनःपुन्हा झटके येतात त्याच्यासाठी या चाचणीचा खर्च सार्थकी लागतो. सौम्य, आवरलेल्या दम्यासाठी तिच्यामागे कोल्हापूर-बेळगावच्या फेऱ्या मारायची गरज नाही.

शाळेसाठी

मीटर शाळेत पाठवायची गरज क्वचितच पडते. पाठवायचं ते एक पानभर लेखी योजना, निळा पंप आणि स्पेसर. आपल्याकडे मूल मराठी शाळेत असलं तरी एखादे शिक्षक, बसचे चालक किंवा आरोग्य केंद्रातले कर्मचारी कन्नड वाचणारे असतात. औषधांची चिठ्ठी तर इंग्रजीतच असते. म्हणून पानाच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अशी योजना लिहून घ्या. कन्नडमध्ये दम्याला ‘उब्बस’ म्हणतात, तो शब्द वर ठळक असू द्या. त्यावर मुलाचं नाव, सर्वोत्तम आकडा, तांबड्याची लक्षणं, निळ्या पंपाचे पफ किती आणि कसे, पालकांचे दोन फोन, १०८, आणि तारीख. सर्वोत्तम आकडा नव्याने काढला की शाळेतलं पानही त्याच आठवड्यात बदलून द्या, आणि पंपाची मुदत संपली नाही ना हे तेव्हाच पाहून घ्या.